संशयिताला ताब्यात घेतल्यापासून कबुलीपर्यंत

कुठे बाँबस्फोट झाला की चहाच्या टपरीवर, बसमध्ये, घरातल्या टीव्हीसमोर एकच वाक्य ऐकू येते: पकडलेल्यांना चांगले बडवा, म्हणजे खरे बोलतील. ज्यांच्या घरातले माणूस त्या स्फोटात गेले त्यांच्या तोंडी हे वाक्य आले, तर त्यांना दोष देता येत नाही. बाकीच्यांनी मात्र उत्तर देण्याआधी चौकशी प्रत्यक्षात कशी चालते हे एकदा क्रमाने पाहून घ्यावे. संशयिताला मारणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न पुस्तकात सोडवायला गेले की अवघड वाटतो. पायऱ्या समजल्या की बराच सोपा होतो.

आदिलाबादच्या मराठी माणसाला या पायऱ्या ठाऊक असण्याची गरज जरा जास्तच आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, पश्चिमेला किनवट, नांदेड. पूर्वेकडच्या जंगलातून गडचिरोलीचा रस्ता. माओवाद्यांच्या हिंसेने आणि तिच्या पाठलागाने या पट्ट्यातली गावे अनेक वर्षे पोळली आहेत. शिवाय ठाण्यातले कागद बहुधा तेलुगूत असतात आणि आपल्यापैकी पुष्कळांना तेलुगू बोलता आले तरी वाचता येत नाही.

आधी कायद्यांची नावे सांगून टाकतो. १ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी तीन नवे कायदे आले. गुन्हे आणि शिक्षा सांगणारी भारतीय न्याय संहिता, पोलीस आणि न्यायालयांची कार्यपद्धती सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कोणता चालतो हे सांगणारा भारतीय साक्ष्य अधिनियम. दहशतवादाच्या प्रकरणांत यांच्या जोडीला १९६७चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा लागतो. त्यालाच सगळे यूएपीए म्हणतात.

पहिली पायरी म्हणजे उचलणे. पोलीस घरी किंवा शेतावर येतात आणि ‘जरा विचारपूस करायची आहे, संध्याकाळी सोडतो’ म्हणून घेऊन जातात. इथेच सर्वांत जास्त गडबड होते, कारण ही अटक आहे की नाही हे कोणीच सांगत नाही. अटक असेल तर पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा मेमो, म्हणजे अटकेची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेला कागद, तिथल्या तिथे तयार झाला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याचीही लागते. एका नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे नियम सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात घालून दिले. आता त्यांतले बहुतेक नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६व्या आणि ४८व्या कलमांत आले आहेत.

अटक कशासाठी, हेही लेखी द्यावे लागते. यूएपीएबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे मे २०२४मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात स्पष्ट केले. मग नोव्हेंबर २०२५मध्ये मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र या निकालात ते सर्वच गुन्ह्यांना लागू केले आणि अटकेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावीत असेही सांगितले. म्हणून हातात तेलुगू कागद आला तर ‘मला मराठीत द्या’ असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

अटकेच्या मेमोचा तो एक कागद किती मोलाचा, ते आपल्याच जुन्या जिल्ह्यातल्या घटनेवरून कळते. २०१०च्या जुलैच्या सुरुवातीला वाकिडी मंडलाच्या जंगलात माओवादी पक्षाचा प्रवक्ता चेरुकुरी राजकुमार ऊर्फ आझाद आणि पत्रकार हेमचंद्र पांडे हे दोघे मारले गेले. वाकिडी तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, आज ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. चकमक झाली, असे पोलिसांचे म्हणणे. दोघांना नागपुरातून उचलून आणून मारले, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्तींनी जानेवारी २०११मध्ये सुनावले की प्रजासत्ताकाने आपल्याच लेकरांना मारावे हे चालणार नाही. तपास सीबीआयकडे गेला आणि चकमक खरी होती असा निष्कर्ष सीबीआयने दिला. वाद मात्र त्यानंतरही चालूच राहिला. माणूस कुठून, किती वाजता, कोणी ताब्यात घेतला याची निःसंशय नोंद असते तेव्हा असा वाद उभाच राहत नाही, आणि प्रामाणिक पोलिसालाही तीच नोंद वाचवते.

सीमेवरच्या माणसांसाठी एक पोटपायरी आहे. दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी पकडले तर गाडीत घालून थेट पलीकडे नेणे योग्य नाही. जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला दुसरीकडे नेण्यापुरती कोठडी, घ्यायची असते. आदिलाबादहून पांढरकवडा किंवा किनवट जवळ आहे म्हणून ही पायरी गाळली जाते आणि मधले तास कोणाच्याच हिशेबात राहत नाहीत. मारहाण होते ती बहुधा अशाच तासांत.

नंतर वैद्यकीय तपासणी. अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरने तपासून अंगावर कुठे जखम आहे आणि ती अंदाजे कधीची आहे हे लिहायचे असते. त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. आदिलाबाद शहरात हे काम सहसा रिम्स रुग्णालयात होते. बसू निकालाप्रमाणे कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी ही तपासणी पुन्हा व्हायला हवी. चूक होते ती अशी: पोलीस शेजारी उभा असतो, डॉक्टर घाईत विचारतात, ‘काही त्रास?’ आणि माणूस मान हलवतो. कागदावर ‘जखम नाही’ असे पडते. वर्षानुवर्षांनी न्यायालयात तोच कागद बोलतो. पोलिसाला दाराबाहेर थांबायला सांगणे आणि अंगावरचे कपडे काढून पाहणे, एवढे डॉक्टरने केले तरी पुष्कळ झाले.

अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावेच लागते. राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदातच हे आहे. मुंबईच्या कोठड्यांतल्या महिला कैद्यांचे हाल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले, तेव्हा १९८३च्या निकालात न्यायालयाने आणखी एक काम दंडाधिकाऱ्यांवर टाकले: समोर आणलेल्या प्रत्येकाला ‘पोलीस कोठडीत छळ झाला का’ असे स्वतःहून विचारायचे. अनेकदा विचारले जात नाही. विचारले तरी उत्तर येत नाही, कारण पुन्हा त्याच पोलिसांबरोबर परत जायचे असते. पण सांगायची जागा हीच. इथे गप्प राहिलेल्याला पुढे ‘तेव्हा का बोलला नाहीस’ असा प्रश्न येतोच. नातेवाइकांनी वकिलाला आधीच सांगून ठेवावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य देते, कारण कोठडीतला प्रत्येक माणूस त्यासाठी पात्र असतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

साध्या गुन्ह्यात पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची असते. यूएपीएत ती ३० दिवसांपर्यंत जाऊ शकते, आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते आणि जामीन फार कठीण. म्हणजे गंभीर प्रकरणात तपासासाठी कायद्याने आधीच भरपूर वेळ दिलेला आहे. ‘वेळ नव्हता म्हणून हात उचलावा लागला’ हे कारण ऐकताना हे आकडे आठवावेत.

आता चौकशीची खोली. इथे पोलीस पुन्हा पुन्हा विचारू शकतात, पुरावा समोर ठेवू शकतात, एका जबाबातली विसंगती दुसऱ्याशी ताडून पाहू शकतात. आरोपीला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. स्वतःला गोवणारे उत्तर न देण्याचा हक्क घटनेच्या २०व्या अनुच्छेदाने दिला आहे. नार्को चाचणी, म्हणजे औषध टोचून अर्धवट गुंगीत प्रश्न विचारणे, संमतीशिवाय करता येत नाही. हे ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात ठरले. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर आरोपीची सही घ्यायची नसते. तेलुगू कागद पुढे करून ‘इथे सही कर’ म्हटले, तर हे लक्षात ठेवावे.

आणि काय चालत नाही? तळपायावर मारणे, टांगणे, बर्फावर झोपवणे, दिवसचे दिवस झोपू न देणे, बायकोला किंवा आईला उचलून आणण्याची धमकी. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी इजा करणे हा न्याय संहितेच्या १२०व्या कलमाखाली गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत कैद, गंभीर इजा असेल तर दहा वर्षांपर्यंत. वर्दी अंगावर असली तरी आणि समोरचा अतिरेकी असल्याचा संशय असला तरी. या कलमात दहशतवाद्यांसाठी वेगळी ओळ नाही.

इथेच बहुतेक लोक तो प्रसिद्ध प्रश्न विचारतात. बाँब तासाभरात फुटणार आहे, तो कुठे ठेवलाय हे याला ठाऊक आहे, शेकडो जीव धोक्यात आहेत. तरीही मारायचे नाही? प्रश्न खोटा नाही, तो विचारणाऱ्याला निर्दय ठरवण्याचेही कारण नाही. पण त्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. हाच तो माणूस आहे, त्याला ठिकाण ठाऊक आहे, आणि वेदनेखाली तो खरेच बोलेल. चौकशीच्या खोलीत बसलेल्या अधिकाऱ्याला या तिन्हींपैकी एकाचीही खात्री नसते. खात्री असती तर चौकशीची गरजच उरली नसती.

या प्रश्नाच्या जवळात जवळ जाणारी एक खरी घटना जर्मनीतल्या फ्रँकफर्टची आहे. २००२मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले, अपहरण करणारा पकडला गेला आणि मूल वाचवायच्या तळमळीने पोलीस अधिकाऱ्याने त्याला असह्य वेदना देण्याची धमकी देवविली. त्याने जागा सांगितली. मूल आधीच मारले गेले होते. न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, मात्र त्यांचा हेतू पाहून शिक्षा अगदी सौम्य दिली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१०मध्ये सांगितले की मुलाचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा ही वागणूक मान्य करता येत नाही. मला हा मार्ग योग्य वाटतो. अपवाद कायद्यात लिहून ठेवायचा नाही. कोणी तो केलाच, तर त्याने न्यायालयात उभे राहून उत्तर द्यायचे.

वेदनेखाली माणूस काय बोलतो, याचे सर्वांत महाग पडलेले उदाहरण इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याचे. अमेरिकेने त्याला इजिप्तच्या ताब्यात दिले. तिथे छळ झाल्यावर त्याने इराक अल-कायदाला रासायनिक आणि जैविक शस्त्रांचे प्रशिक्षण देतो असे सांगितले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संयुक्त राष्ट्रांत युद्धाची बाजू मांडताना ही माहिती वापरली. पुढे त्याने ती मागे घेतली, मार थांबावा म्हणून सांगितले असे म्हणाला. तोवर युद्ध होऊन गेले होते. छळाखालचा माणूस विचारणाऱ्याला जे ऐकायचे आहे ते शोधतो आणि तेच पुरवतो. झोप मोडली, भीती बसली की खरी आठवणसुद्धा धूसर होते. म्हणजे ज्याला खरेच काही ठाऊक आहे, त्याच्याकडूनही नीट मिळत नाही.

आपल्या राज्याच्या राजधानीत काय झाले ते तर जवळचेच. १८ मे २००७ रोजी हैदराबादच्या मक्का मशिदीत शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी स्फोट होऊन नऊ जण गेले. पोलिसांनी शहरातल्या अनेक मुस्लिम तरुणांना उचलले. राज्य अल्पसंख्याक आयोगाने नेमलेले वकील रविचंदर यांनी तुरुंगात जाऊन पाहिले आणि छळाच्या खुणांची नोंद केली. तरुणांवरचे कटाचे आरोप न्यायालयात टिकले नाहीत. सरकारने त्यांतल्या सत्तर जणांना भरपाई दिली. पुढे भरपाईचा तो आदेशही उच्च न्यायालयात रद्द झाला. तपासाने नंतर दिशा बदलली, २०१०मध्ये स्वामी असीमानंद यांना अटक झाली. त्यांनी दंडाधिकाऱ्यासमोर कबुली दिली आणि मग ती दबावाखाली दिल्याचे सांगून मागे घेतली. १६ एप्रिल २०१८ रोजी विशेष न्यायालयाने खटल्यातल्या पाचही आरोपींना निर्दोष सोडले.

आधी एका धर्माचे तरुण, मग दुसऱ्या धर्माचे आरोपी. दोन्ही वेळा बळजबरीची तक्रार. आणि मशिदीच्या अंगणात गेलेल्या नऊ जणांना कोणी मारले, याचे न्यायालयाने मान्य केलेले उत्तर त्यांच्या घरच्यांकडे नाही. छळाविरुद्ध बोलणारे लोक अतिरेक्यांची बाजू घेतात, असे म्हणणाऱ्यांनी या नऊ घरांचा विचार करावा.

पुढची पायरी कबुलीची, आणि लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. साक्ष्य अधिनियमाचे २३वे कलम तसे सांगते, आणि हा नियम इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला आहे. कोठडीत कबुली कशी निघते हे त्यांनाही ठाऊक होते. टाडा आणि पोटा या कायद्यांनी दहशतवादाच्या खटल्यांत हा नियम सैल केला होता. टाडा १९९५मध्ये संपला, पोटा २००४मध्ये रद्द झाला. यूएपीएत पोलिसांपुढच्या कबुलीला मान्यता नाही. महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्यात मात्र अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालते.

मोक्काखालच्या त्या सवलतीचे काय झाले, ते मुंबईच्या लोकल स्फोटांत दिसले. ११ जुलै २००६ रोजी सात स्फोटांत १८९ माणसे गेली. २०१५मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडले. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत मजकूर तसाच्या तसा आढळला आणि रुग्णालयांच्या नोंदींवरून छळाची शक्यता दिसली, म्हणून न्यायालयाने त्या कबुल्या मानल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत आदेश दिला की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. एकोणीस वर्षांनंतर त्या १८९ घरांपुढे पुन्हा तोच प्रश्न उभा आहे. कबुलीवर इतकी भिस्त ठेवली नसती, तर तपास कदाचित दुसरीकडे गेला असता.

याच्या शेजारी मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याचा खटला ठेवून पाहावा. त्यात जिवंत पकडलेल्या हल्लेखोर कसाबनेही दंडाधिकाऱ्यापुढे कबुली दिली आणि नंतर ती नाकारली. पण तिच्याशिवाय छायाचित्रकारांनी टिपलेली छायाचित्रे होती, समोर पाहणारे साक्षीदार होते, सूत्रधारांशी झालेली दूरध्वनीवरची बोलणी होती. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. खटला टिकतो तो अशा पुराव्यावर.

दंडाधिकाऱ्यापुढच्या कबुलीलाही नियम आहेत. ‘तुला कबुली देण्याची सक्ती नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ हे त्यांनी आधी सांगायचे. माणसाने नको म्हटले, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. हे वाक्य कोठडीतल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगायला हवे. तेवढ्याने निम्म्या धमक्या निकामी होतात.

एक फट मात्र उरते. पोलिसांना दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. पिस्तूल, डिटोनेटर, पत्रके ‘आरोपीने दाखवून दिली’ असे पंचनामे याच आधारावर होतात. म्हणून मार देण्याचा मोह इथे सर्वांत जास्त. आपल्याला कधी पंच म्हणून बोलावले, तर जागेवर न जाता आणि न वाचता कोऱ्या किंवा न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये. गावातला एक जागरूक पंच ही फट बरीच बुजवू शकतो.

सगळ्यात शेवटी, छळ झालाच तर. दंडाधिकाऱ्याला सांगावे, पुन्हा वैद्यकीय तपासणी मागावी, पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात आवाजासह टिपणारे कॅमेरे लावायला आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपायला सांगितले. ते चित्रण राखून ठेवावे, असा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा. उशीर झाला की ते मिळत नाही. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करता येते, शुल्क लागत नाही. माणूस कुठे ठेवला हेच कळत नसेल, तर हैदराबादच्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणूस न्यायालयासमोर हजर करा अशी याचिका करता येते.

कोठडीत मृत्यू झाला, तर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवणे आणि न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करणे आवश्यक आहे. परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस याला डिसेंबर २००२मधल्या घाटकोपर स्फोटाच्या संशयावरून पकडले होते. जानेवारी २००३मध्ये पोलिसांनी सांगितले की गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. पुढे सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचे निघाले. मृतदेह आईला कधी मिळाला नाही. ज्या स्फोटासाठी त्याला पकडले, त्याच्या खटल्यातले आरोपी २००५मध्ये निर्दोष सुटले. पोलिसांवरचा खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला, कारण सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची परवानगी लागते आणि आरोप ठेवलेल्या चौदांपैकी चौघांबाबतच ती मिळाली.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, पण त्याला अजून अनुसमर्थन, म्हणजे अंतिम मंजुरी, दिलेली नाही. त्यासाठीचे विधेयक २०१०मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि बारगळले. विधी आयोगाने २०१७मध्ये नवा मसुदा तयार करून दिला. आदिलाबादचे, यवतमाळचे, नांदेडचे खासदार मते मागायला येतील, तेव्हा रस्ता आणि पाणी विचाराच, पण त्याच दमात हेही विचारा की हा कायदा कधी करणार.